तिसरी बाई

जवळचं नीट दिसतंय का ते बघायला आमच्या दुकानात एक पुठ्ठा असतो. त्यावरची अक्षरं वरून खाली बारीक होत जातात आणि मजकूर असा असतो की तो वाचून कुणाचं काही बिघडू नये. गाय पाळीव प्राणी आहे, सूर्य पूर्वेला उगवतो, वगैरे. त्या दिवशी आलेल्या बाईंनी तो पुठ्ठा बाजूला सारला. आपल्याला वाचायचं असतं ते हे, असं म्हणून त्यांनी पर्समधून झेरॉक्सच्या कागदांची गुंडाळी काढली, नवा चष्मा नाकावर बसवला, घसा साफ केला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "अहो, मागे वळून बघू नका. सासूबाईंना घट्ट धरा. ती बघा, पलीकडे आपली केरी दिसते आहे." मग आवाज उतरवून, कंसातलं वाचावं तसं, "सगुण आईला पाठीवर घेऊन खाडीत उतरतो. सुमंगला फौजदाराच्या पायांवर लोळण घेते." अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय, असं त्या म्हणाल्या. मी काउंटरच्या अलीकडे फ्रेम पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होते. सगुण माझा थोरला भाऊ. सुमंगला माझी वहिनी. केरीला, पेडण्याच्या पार टोकाला, आमचं घर आहे, आणि लॉकडाऊनमध्ये त्या खाडीतून आईला ज्यांनी अलीकडे आणलं त्यांच्यात मी होते. बाईंचं नाव तेजस्विनी, राहणाऱ्या मयेच्या, काम नाटकांतलं. जत्रांचे दिवस सुरू झाले की गोव्यात गावागावांतून देवळापुढे नाटकं होतात, पुरुष गावचेच असतात आणि बायका मात्र बाहेरून आणायच्या असतात. तशा आणलेल्या बायकांपैकी ही एक. आज राणी, उद्या वकिलीण, परवा कुणाची तरी सून, असं त्या मजेत सांगत होत्या. "खरेंच घडिल्लें म्हणटात हें," त्या कागदांवर बोट आपटत म्हणाल्या. मी विचारलं, यात एक बहीण नाही का? "भयण? ना गो. बायलो दोगीच. हांव सून, आनी आमची शालिनी म्हातारी." मी त्यांच्या कानांमागे दांड्या जरा वाकवून दिल्या, डबी दिली, पुसायचं कापड दिलं. त्या गेल्या. मला काही झालं असं मी म्हणणार नाही. दुपारी डबा उघडल्यावर भूक नाही एवढं लक्षात आलं.

प्रवास म्हणावा असा तो प्रवासच नव्हता. रेडी म्हणजे आमचं आजोळ, खाडीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. एरवी केरीहून फेरीबोटीत बसलं की चहा पिऊन माणूस परत येऊ शकतं. मामांच्या नातवाची मुंज होती म्हणून त्या मार्चात आम्ही गेलो, आई, सगुण, वहिनी, आणि डिचोलीहून मी; तिथे माझी खोली आहे, आई त्या गावाला दिवचल म्हणते. मुंज झाली आणि सगळं बंद झालं. फेरीबोट बंद, हद्द बंद, दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे महारोगी असल्यासारखे बघायला लागलेले. मामांच्या पडवीतून, माडांच्या आडून, आमच्या केरीची सुरूची झाडं दिसतात, इतकं ते जवळ. ते बघत आम्ही बसून राहिलो. मग आई विहिरीपाशी घसरली आणि तिचा खुबा मोडला. तिकडच्या डॉक्टरने खिडकीतूनच बघितलं. गोव्यात न्या म्हणाला. रस्त्याने न्यायचा परवाना मागितला तो येईना. एका सकाळी सगुणने बारशाला-लग्नाला काढायची ती हातांची लाकडी खुर्ची बाहेर ओढली. आईला तिच्यावर बसवून दोन लुगड्यांनी बांधलं. मामांचा मुलगा बाबली आणि सगुण, दोघांनी खुर्ची उचलली. आईने तोंडावर पदर ओढून घेतला. वाट काजूच्या डोंगरातून वर जाऊन तेरेखोलला उतरते. तेरेखोल खाडीच्या त्याच बाजूला, पण गाव गोव्याचं. बोंडं कुणी गोळा केलेली नव्हती, ती पायांखाली फुटत होती आणि त्यांचा आंबूस गोड वास डोक्यात चढत होता. वहिनी पुढे काठी आणि पाण्याची बाटली घेऊन. माझं काम असं होतं की आईचा मोडलेला पाय दोन्ही हातांत आडवा धरायचा आणि खुर्चीच्या चालीने चालायचं. चढावर मी उलटी चालत होते, उतारावर तिरकी. जरा हिसका बसला की आई ओरडायची. ते ओरडणं मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं, नंतरही नाही. सगुण माझ्यावर खेकसायचा की नीट धर, मी त्याच्यावर खेकसायचे की तू नीट चाल. पाणी कुणी संपवलं यावरून वहिनी आणि मी भांडलो. डोंगराच्या माथ्यावर सगुणने खुर्ची खाली ठेवली आणि तो रडायला लागला, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. परत जाऊया म्हणाला. त्याला कुणी धीर दिला नाही. परत जायचं तरी तेवढंच चालायचं आहे, असं वहिनी म्हणाली, म्हणून आम्ही पुढे गेलो. खाली धक्क्यावर एक पोलीस होता. त्याने आम्हांला पाहिलं, मग पाठ फिरवली आणि मोबाइल बघत राहिला. दादू म्हणून एक तेरेखोलचा माणूस, त्याची होडी होती, पण ती जाळ्यांनी भरलेली. त्याने एकेक जाळं काढून नीट घडी घालून ठेवेपर्यंत आई उन्हात खुर्चीवर बसून होती. खाडी ओलांडायला त्याहून कमी वेळ लागला.

त्या सकाळी आपण काही थोर करतो आहोत असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात होतं का, हे मी पुष्कळदा तपासलं आहे. चष्म्याच्या दुकानात निवांत वेळ फार असतो. आधी मी खाणीच्या ऑफिसात टायपिंग करायचे, तिथे खिडकीखालून खनिजाचे ट्रक जायचे आणि विचार करायला उसंत नसे. खाणी बंद झाल्या, आता आहे. तर तसं काही नव्हतं. आईचं कण्हणं त्या घरात आम्हांला ऐकवेना, मामीला आमचा कंटाळा आला होता, आणि एका जागी बसून माणसं चिडली होती. चिडलेल्या माणसांनी एक जड वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली, असं म्हटलं तर ते फारसं चूक होणार नाही. अलीकडे आल्यावर गावाने काय केलं तेही मला स्पष्ट आठवतं. अँब्युलन्स आईला घेऊन गेली, तिचं ऑपरेशन झालं, आणि आम्ही घरात शिरल्याबरोबर आमच्या वाटेवर आडवा बांबू बांधण्यात आला. आम्ही रोग आणला म्हणून. बांबू बांधणाऱ्यांत शेजारचा प्रज्योत होता, तोंडाला रुमाल, आणि त्याने गाठ मात्र फार सुबक मारली होती. आता केरीच्या जत्रेच्या या नाटकात तोच सगुणची भूमिका करतो आहे. शेवटच्या प्रवेशात गाव आम्हांला ओवाळतं, असं मला नंतर कळलं. याचा मला राग यायला हवा होता. प्रज्योत दिसायला बरा आहे, आवाजही चांगला, नाटकाला तोच योग्य, इतकंच माझ्या मनात आलं.

रविवारी मी केरीला गेले. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून केरी. आई ओसरीवर वॉकर पुढे ठेवून बसली होती आणि कुंपणापलीकडच्या विनोदिनीला काहीतरी सांगत होती. गेल्या वर्षापासून तिचं विसरणं वाढलं आहे. जेवली की नाही ते आठवत नाही, औषध दोनदा मागते, सगुणला कधी कधी आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारते. संध्याकाळी ती घरात राहत नाही, उठून फाटकापर्यंत जाते, म्हणून वहिनीने एक युक्ती काढली होती. देवळाच्या मंडपात नाटकाची तालीम चालते, तिथे आईला नेऊन बसवायचं. तिथे ती शांत बसते. महिनाभर रोज ती स्वतःला खाडीतून आणताना बघत होती. आता ती विनोदिनीला सांगत होती, की सगुणाने माका पाठीर घेतलां, कमराइतक्या पाणी होतां, आणि फौजदार बंदूक घेवन उभो. मी शेजारी बसून म्हटलं, आये, खुर्ची होती, पाण्यात कुणी उतरलं नाही. तिने माझ्याकडे वळून बघितलं. पाहुणीकडे बघावं तसं, अगत्याने. "खुर्ची खंयची? तुका कोणी सांगलां?" असं तिने विचारलं आणि विनोदिनीकडे बघून हसली. तेव्हा मात्र मला लागलं. दुकानात लागलं नव्हतं ते इथे लागलं, आणि का लागलं तेही तिथल्या तिथे समजलं. मी आईचं फार केलेलं नाही. लग्न केलं नाही, घरात राहिले नाही, डिचोलीत एक खोली घेऊन राहिले. औषधं पाठवायची, फोन करायचा, सणाला यायचं, अशी मी मुलगी. तिला न्हाऊमाखू घातलं ते वहिनीने. माझ्या हातांनी तिच्यासाठी काही केलं असेल तर ती एक सकाळ. ती सकाळ गावाने विसरली तर विसरू दे, पण आईच्या डोक्यातून ती चालली होती, रोज संध्याकाळी थोडी थोडी, मंडपातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या. आईला माहीत असावं की मी तिथे होते. एवढंच मला हवं होतं, आणि या वयात ते कुणाकडे जाऊन मागायचं याची मला लाज वाटत होती.

तरी मी विनायककडे गेले. विनायक शाळेत शिकवतो आणि दरवर्षी जत्रेचं नाटक लिहितो. त्याचा चष्मा आमच्याच दुकानातला. तो मंडपात बसून पुठ्ठ्याची होडी निळी रंगवत होता. होडी निळी नव्हती, पण तो विषय मी काढला नाही. मी त्याला सरळच विचारलं, की बहिणीचं एक पात्र घालता येईल का, बोलणारं नसलं तरी चालेल, नुसतं चालणारं. त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि मुलांना गणित समजावून सांगावं तसं सांगितलं. जत्रांच्या दिवसांत प्रत्येक गावात नाटक असतं, तेव्हा एका गावाच्या वाट्याला दोन बायका येतात. तिसरी बाई मिळत नाही. गावातल्या मुली का घेत नाही, असं मी विचारलं. मुली शाळेच्या गॅदरिंगला करतात, स्पर्धेला करतात, पण जत्रेला देवासमोर या मंचावर अजून कुणाच्या घरातली उभी राहिलेली नाही. आणि तुझा भाऊ सुमंगलेला पाठवील का, तूच उभी राहशील का, असं त्याने उलट विचारलं. मी उभी राहिले नसते. तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न असा होता: एक म्हातारी तर हवीच, उरलेली बाई सून ठेवायची की मुलगी? मुलीने आईचं केलं तर त्यात बघणाऱ्याला काय नवल? सुनेने केलं की बायका रुमाल काढतात. त्याने हे पूर्ण विचार करून केलं होतं. माझं सगळं काम त्याने वहिनीला दिलं होतं, काही टाकलं नव्हतं. "तुका काडूक नाय गो," तो म्हणाला. "तुका तिच्यात घातलां." आणि बाबली? दादू? असं मी विचारलं, कारण बाबली तर खुर्चीचा अर्धा भार वाहून, आमच्याबरोबर होडीत न बसता, आल्या वाटेने एकटा परत गेला होता आणि त्याला पाणी विचारायचंही आमच्या लक्षात राहिलं नव्हतं. विनायक हसला. "नाटकाक एक नायक लागता, अर्चना. चवगांनी मिळान उखलली तर ती पालखी जाता." त्याचं म्हणणं मला पटलं. वाद घालायला गेलेल्या माणसाला समोरच्याचं पटणं यासारखी अडचण नाही. वर तो म्हणाला, नाटकाआधी तुमच्या घरच्यांचा सत्कार आहे, शाल-श्रीफळ, खऱ्या आयुष्यातले नायक म्हणून; तुझीही खुर्ची मांडतो, मग तर झालं? मी म्हटलं, बघूया. घरी येईपर्यंत मला स्वतःचा इतका संताप आला की वाटेत भेटलेल्या दोन बायकांशी मी बोललेच नाही.

सगुण मागच्या अंगणात नारळ सोलत होता. माझं आणि त्याचं फारसं बोलणं होत नाही, लहानपणापासून नाही, पण मी विनायककडे जाऊन आल्याचं त्याला कळलं होतं. तो नारळाकडे बघतच म्हणाला, की मी डोंगरावर रडलो ते त्यांनी काढून टाकलं. आपण विनायकला सांगितलं होतं, रडलेलं दाखव, ते खरं आहे. तर तो म्हणाला, नायक अर्ध्या वाटेवर रडत नाही. "तो सगुण दुसरोच कोण तरी," भाऊ म्हणाला. "बरो असा. पण माका तेची भीती वाटता." मला हसू आलं. पण तो थट्टा करत नव्हता. तालमी सुरू झाल्यापासून गावातली पोरं त्याला वाटेत थांबवून नमस्कार करतात. परवा गॅसचं सिलिंडर आलं तेव्हा गाडीवाला म्हणाला, तुम्ही काय, तुम्ही एकटेच उचलाल. आणि याने उचललं. रात्रभर कंबर शेकत बसला. आता कंबर दुखते म्हणायचीही चोरी. आतून वहिनी ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, तुमचं ते एक, माझं बघा. गावातल्या सगळ्या सासवा आपापल्या सुनांना माझं नाव सांगतात आणि त्या सुना माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. शिवाय मी जन्मात कुठल्या फौजदाराच्या पाया पडलेली नाही. म्हणजे ज्यांची नावं नाटकात होती तेही नाटकात नव्हतेच. त्यांच्या नावाने तीन अनोळखी माणसं खाडी ओलांडून येणार होती आणि ह्यांनी बाजूला बसून टाळ्या वाजवायच्या होत्या. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, निदान आम्ही सारखे झालो म्हणून. वाटलं नाही. त्यांची निदान नावं तरी होती, आणि आईच्या तोंडात ती होती.

पुढच्या रविवारी रंगीत तालीम होती. बाहेरच्या बायका तेवढ्या एका तालमीला येतात. उन्हं कलल्यावर त्यांची गाडी देवळापाशी लागली आणि तेजस्विनीबाई उतरल्या, मी दिलेला चष्मा लावून. त्यांनी मला ओळखलं. दुकान सोडून इकडे कशा, असं त्या विचारत होत्या, तेवढ्यात वहिनी म्हणाली, ही माझी नणंद. बाईंनी माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि त्यांच्या मनात काय जुळलं ते चेहऱ्यावर दिसलं. हातातले कागद त्यांनी पाठीमागे नेले, तेवढं मला कळलं. मग स्टेजवर चढण्याआधी चष्मा काढून माझ्याकडेच ठेवायला दिला. मंडपात पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आई मधे, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. सगुण आला नाही, पेट्रोल पंपावर ड्यूटी आहे म्हणाला. खाडीचा पडदा सोडला होता, त्यावर लाटा होत्या आणि का कोण जाणे एक जहाज. शालिनीबाई अंगाने भरलेल्या, प्रज्योतला त्या पहिल्यांदा पाठीवर उचलल्याच नाहीत, दोघं कोसळले. पोरं हसली, विनायक चिडला. दुसऱ्यांदा त्याने उचललं आणि तो चालू लागला. खोटं सांगत नाही, त्याने ते फार चांगलं केलं. गुडघे वाकलेले, मान ताठ, डोळे पलीकडच्या काठावर. तेजस्विनीबाई फौजदारापुढे पडून बोलत होत्या, ह्या माउलीला जाऊ द्या, वाटलं तर मला इथे डांबून ठेवा. घडलं त्याहून हे सुंदर होतं, आणि आपल्या हातून इतकं सुंदर काहीच झालं नाही याचं मला वाईट वाटलं. आई रडत होती. पदराने डोळे पुसत ती माझ्याकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "तू खंय होतंस गो तेव्हा?"

वहिनीने तोंड उघडलं. आये, ही तर, असं ती म्हणायला लागली होती, मी तिचा हात दाबला. का दाबला ते मला आता सांगता येणार नाही; बहुधा असं वाटलं की आईला पटवून द्यावं लागणार, साक्षी काढाव्या लागणार, आणि पटवून दिलेलं ते उद्या सकाळी पुन्हा गेलेलं असणार. "मी दिवचलेक होतंय," मी म्हटलं. तेवढ्यात वरून तेजस्विनीबाईंनी वहिनीला हाक मारली, पदर कसा खोचायचा ते दाखवायला, आणि वहिनी उठून गेली. आईने ती जाईपर्यंत वाट पाहिली. मग खुर्ची माझ्याकडे सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही, म्हणून स्वतःच वाकली. "तू असतंस तर बरां झाला असता," ती म्हणाली. "तू तेंका थांबयलां असतंस." मी विचारलं, कशाला थांबवायचं? आणि तिने मला सांगितलं. सलग, एकदाही न अडखळता, औषध दोनदा मागणाऱ्या त्याच बाईने. तिला यायचंच नव्हतं. लग्न होऊन केरीला आल्यापासून माहेरी सलग राहायला तिला कधी मिळालं नव्हतं, बाळंतपणालासुद्धा सासूने लवकर परत आणलं होतं. ते सगळं बंद पडलं आणि तिला तिचं घर मिळालं. सकाळी भावाचा खोकला ऐकू यायचा, तिच्या आईचा होता तसाच. ती विहीर, ती न्हाणी. खुबा मोडला तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, की बरं झालं, आता इथेच. "मरतलंय तर थंयच मरतलंय," ती म्हणाली. "माका काय भंय नाय होतां." मी विचारलं, पण मग दुखत किती होतं, तू ओरडत होतीस म्हणतात. ती स्टेजकडे बघत राहिली. "दुखत होतां. पण तितक्या नाय. मी मुद्दाम वरडत होतंय. म्हटलां, कंटाळतले आणि परततले. सगुण डोंगरार रडाक लागलो तेव्हा माका वाटलां, आता परततलो." म्हणजे ते तिला आठवत होतं. नाटकात नव्हतं ते सगळं तिला आठवत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "कशां बोलतलंय? पोरां दमली होती. माझ्यासाठीच मरत होती ती." तिने माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला. "तुका म्हणान सांगतंय. तू थंय नव्हतंस. तेंका सांगू नको. तेंका वायट वाटात."

मला वाईट वाटलं, सांगता येणार नाही इतकं, आणि ते चेहऱ्यावर येऊ देता येत नव्हतं, कारण मी तिथे नव्हते. नाय सांगूचंय, एवढं मी म्हटलं. स्टेजवर निळी होडी ओढली जात होती, आत शालिनीबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि गावची पोरं ताटं घेऊन ओवाळायला उभी होती. तालीम थांबवून विनायक खाली आला, हाताला निळा रंग, कानाला पेन्सिल. सत्काराचं ठरवायचं होतं, कोण कुठल्या क्रमाने बसणार ते. आईच्या पाया पडून तो मला म्हणाला, मग तुझी चौथी खुर्ची मांडतो, सगुणच्या शेजारी, नावही वाचतो, की कन्या अर्चना याही या प्रवासात होत्या. तो हे सगळं मोठ्याने बोलत होता. आई त्याच्या तोंडाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझा हात अजून तिच्या मांडीवर होता आणि तिची पकड आवळत गेली.

"तीनच मांड," मी विनायकला म्हटलं. "मी थंय नव्हतंय."

मी रुसले असं त्याला वाटलं असणार. त्याने मान हलवली आणि तो वर निघून गेला. आईने माझा हात सोडला.